टाकी चकाचक, मासे उताणे!
वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न: काका नमस्कार. आम्ही गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मासेमारी करतो. फायबरची लहान होडी आहे, तिच्यात मधल्या फळीखाली जिवंत मासे ठेवायला शंभरेक लिटरची टाकी बसवून घेतलीय, बॅटरीवरचा पंप पण आहे. जिवंत रोहू नि चिलापीला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं म्हणून हा सगळा खटाटोप. पण टाकी आतून बुळबुळीत होते, कडेला पांढरा थर धरतो आणि वास तर विचारूच नका. घरी आणून बोअरच्या पाण्याने कपड्याची पावडर नि फिनाईल टाकून चांगली घासतो, तर दुसऱ्या दिवशी मासे तासाभरात उताणे! न धुता नेली तर कमी मरतात. मग धुवायचीच नाही का? – एक वाचक, गिरणारे

उत्तर: दादा, धुवायची तर आहेच, फक्त फिनाईलची बाटली आधी बाथरूममध्ये नेऊन ठेवा. माशाच्या अंगावर आणि कल्ल्यांवर चिकट पातळ थर असतो, तेच त्याचं चिलखत. साबण, पावडर, भांड्याचं लिक्विड, सगळं नेमकं तोच थर काढतं, आणि मासा श्वास घेतो कल्ल्यातून, म्हणजे पाण्यात जे काही आहे ते थेट रक्तापर्यंत. फिनाईल तर तेलकट, दोनदा खंगाळलं तरी प्लास्टिकला चिकटून राहतं. वास येतोय तोवर ते टाकीत आहेच समजा. न धुतलेल्या टाकीत मासे कमी मरतात याचं कारण एवढंच, की शेवाळ फिनाईलपेक्षा कमी विषारी आहे.

पण म्हणून बुळबुळीत थर राहू द्यायचा असं पण नाही, कारण तो कुजतो आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. आधीच आपल्याकडे उन्हाळ्यात ऑक्सिजनची बोंब. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो, आणि ४ च्या खाली गेला की रोहू-कटल्याची धडपड सुरू. त्यात टाकीत मासे दाटीवाटीने भरलेले, एप्रिल-मेचं ऊन, पंपाच्या जाळीत खवले अडकलेले, मग काय होणार.

पंपाचं म्हणाल तर खरी घाण तिथेच असते बरं का. लोक भिंती आरशासारख्या घासतात आणि पंपाची जाळी, नळी, पाणी सोडायचं बूच, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड यांना हात पण लावत नाहीत. वास बहुतेक वेळा नळीतून येतो. जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा, नळी सुटत असेल तर सोडवा, दोरीला फडक्याचा बोळा बांधून आरपार ओढा. बुडबुड्यांचा दगड काळा पडला असेल तर सरळ नवा घ्या, ॲक्वेरियमच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

भिंतींना नारळाची शेंडी किंवा मऊ ब्रश आणि साधं पाणी, रोजच्याला एवढं बास. तारेची घासणी नको, फायबरला चरे पडतात आणि पुढच्या वेळी शेवाळ त्या चऱ्यांतच घट्ट बसतं. पांढरा थर आहे तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा, तो साबणाने जन्मात निघणार नाही. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर निम्मं आणि पाणी निम्मं, फडकं भिजवून थरावर पंधरा-वीस मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासा, सुटतो. टॉयलेटचं ॲसिड वापरू नका, त्याने थर जातो पण सोबत पंपाचे धातूचे भाग नि रबर पण जातात. वासासाठी खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चोळा. नंतर दोन-तीनदा भरपूर पाण्याने खंगाळायचं, पंप चालू करून नळीतून पण पाणी जाऊ द्यायचं (हे निम्मे लोक विसरतात), आणि झाकण उघडं टाकून टाकी उन्हात कडकडीत वाळवायची. आपल्याकडचं ऊन फुकट आहे, शेवाळाला नि जंतूंना त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

ब्लीच रोज अजिबात नको. टाकीत रोगट मासे होते, अंगावर जखमा होत्या किंवा माशांच्या उवा दिसल्या तरच. ही ऊ अंडी घालते ती माशावर नाही, दगड-लाकूड-भिंत अशा कडक जागेवर, म्हणजे तुमची टाकी तिला आयतीच. अशा वेळी ५ टक्क्यांचं लिक्विड ब्लीच १० लिटरला ४० मिली, आधी शेवाळ घासून काढलेलं असलं पाहिजे नाहीतर ब्लीच त्या घाणीतच संपतं, दहा-पंधरा मिनिटं ठेवून ओतून द्या, तीनदा खंगाळा, दोन दिवस उन्हात. घाई असेल तर ॲक्वेरियमवाल्याकडे अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, शेवटच्या खंगाळणीत टाका, क्लोरीन मारतं. आणि ब्लीच नि व्हिनेगर एका दिवशी, एका टाकीत कधीच नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि तुम्ही त्या खोलगट टाकीत डोकं घालून घासत बसलेले.

हे सगळं धरणाच्या काठावर करू नका. गंगापूरचं पाणी नाशिक पितं. घरी करा, धुतलेलं पाणी ओढ्याला न सोडता मोकळ्या जमिनीत मुरू द्या.

आता टाकी भरताना. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून जिथे मासे धरता तिथलंच पाणी घ्या आणि पंप आधी चालू करा, मासे मागून. १० लिटरला ४०-५० ग्रॅम खडे मीठ टाकलं तर रोहू-कटला प्रवासात कमी दमतात. बर्फ सुटा टाकू नका, बाटलीत बंद करून ठेवा. पहिल्या दिवशी सगळा माल भरण्याआधी चार-पाच बारकी चिलापी अर्धा तास सोडून बघा. वर येऊन तोंडाने हवा गिळतायत तर ऑक्सिजन कमी आहे. वेडीवाकडी पळतायत, भिंतीला अंग घासतायत, अंगावर पांढरट चिकटा येतोय, तर टाकीत काहीतरी राहिलंय, परत खंगाळा.

आणि हो, तंबाखू मळलेले हात टाकीत घालू नका. हसू नका, निकोटीन माशाला विषच आहे. मच्छर पळवायचं क्रीम पण तसंच.

प्रश्न: द्राक्षबागेतला जुना औषधाचा २०० लिटरचा निळा ड्रम कापून होडीत मासे ठेवायला वापरायचाय. तीन वेळा धुतलाय, गरम पाण्याने पण. चालेल का? – पिंपळगाव बसवंतहून

उत्तर: नाही. अजिबात नाही. प्लास्टिक औषध पिऊन घेतं आणि नंतर हळूहळू सोडत राहतं, तुम्ही तीनदा धुवा नाहीतर तेरादा. सायपरमेथ्रिनसारखी कीडनाशक औषधं पाण्यात इतकी कमी लागतात मासा मारायला की वास पण येणार नाही, डोळ्याला पण काही दिसणार नाही. मोरचूद पण तसाच, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण कालवलेल्या ड्रमाच्या तळाशी निळसर रेघ राहते ना, ती पुरेशी आहे. वर ते मासे माणसं खाणार आहेत. खाण्याच्या मालाचा, तेलाचा किंवा लोणच्याचा ड्रम शोधा, चार पैसे जास्त जातील. फवारणीचा ब्लोअर, त्याची नळी, त्याची बादली, यातलं काहीच होडी धुवायला पण घेऊ नका. आपल्या जिल्ह्यात हे फार होतं, घरात एकच प्रेशर पंप असतो आणि तोच बागेत, तोच गाडीला, तोच होडीला.

प्रश्न: आम्ही हौसेने गळ टाकतो, होडी ट्रेलरवर असते. एका रविवारी गोदावरीवर, पुढच्या रविवारी दारणा नाहीतर मुकण्याला. दर वेळी टाकी धुवायची का, की नुसतं पाणी सोडलं तरी भागतं? – नाशिकरोड

उत्तर: पाणी सोडाच, पण निघतानाच, जिथलं पाणी तिथेच. पुढच्या धरणावर जाऊन सोडलंत तर जलपर्णी, बारके मासे, उवा सगळं नेऊन पेरल्यासारखं. नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) झालं तिथे, जलपर्णीने पाणी कसं झाकून जातं ते बघितलंच असेल. तिचं एक रोपटं पसरत जातं आणि बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून टाकीचा तळ, पंपाची जाळी, ट्रेलरची चाकं, जाळ्याची गाठ, सगळीकडून चिखल नि पानं काढा. साबण वगैरे काही नको, पाणी, ब्रश आणि मधले पाच-सहा दिवस झाकण उघडं ठेवून वाळवणं. पावसाळ्यात वाळतच नाही, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून शेडमध्ये पंख्याखाली ठेवा. आणि नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे गळ-बिळ काढू नका.