जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय आणि वळवताना आवाज येतो, पंप गेला का?

लगेच पंप बदलू नका राव, मेकॅनिक तेच सांगणार. आधी पुढच्या टायरची हवा बघा, मग बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची डबी बघा, लेव्हल कमी असेल तर कुठेतरी लीक आहेच, रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा दांडा) दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा, आत ऑइल लागलं तर रॅकचं सील गेलंय. ऑइलला फेस असेल तर हवा शिरतेय, बहुतेक डबीकडून पंपाला जाणाऱ्या पाइपची क्लिप सैल असते, किरकोळ खर्च. फुल वळवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर पंप फिरवणारा बेल्ट सैल. आणि रेसबरोबर वाढणारी घूं-घूं, ऑइल नीट असूनही, तेव्हाच पंपावर संशय घ्या. टॉपअपला मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल, ब्रेक ऑइल चुकूनही नको, सीलं फुगतात.