जलपर्णी खाऱ्या पाण्यात मरते, मग खाडीतलं घुसखोर गवत कसं तगतं?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या अंबाझरी तलावात माजणारी जलपर्णी समुद्राच्या पाण्यात मरते, मग परमुलखातून येऊन खाड्या बळकावणारं स्पार्टिना गवत तिथे कसं जगतं. आणि तलावात मीठ टाकलं तर चालेल का. मी नागपुरात वनस्पतीशास्त्र शिकवते. प्रश्न फार आवडला.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच मुळांतलं पाणी बाहेर खेचलं जातं. शिवाय आत शिरलेला सोडियम पोटॅशियमची जागा घेतो आणि विकरांचं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचं, काम बिघडतं. जलपर्णीला हे झेपत नाही.

स्पार्टिनाची मुळं बरंचसं मीठ आत येऊच देत नाहीत. आलेल्यापैकी काही पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. पानांवर मिठाचे कण चक्क दिसतात. उरलेलं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडलं जातं, आणि पेशीद्रव्यात प्रोलीन, ग्लायसीन बीटेन असे निरुपद्रवी पदार्थ साठवून पाण्याचा तोल सांभाळला जातो. या सगळ्याला ऊर्जा लागते, म्हणून क्षार फार वाढले की गवत खुजं राहतं. त्याला मीठ आवडतं असं नाही. बी तर गोड्या पाण्यात जास्त चांगलं रुजतं.

पण मीठ खारफुटीही सोसते. मग हेच गवत का पसरतं? माझ्या मते खरं बळ चिखलाखालच्या खोडांत आहे. जास्त खाऱ्या जागी अडकलेल्या कोंबाला जोडलेले शेजारी अन्नपाणी पुरवतात, त्यामुळे एकट्या रोपाला न जमणारी जागाही हाती लागते.

दुसरं बळ संकराचं. अमेरिकेतली जात इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन परिसरात पोचली, तिथल्या जातीशी तिचा संकर झाला. तो वांझ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली आणि बी धरणारी नवीच जात उभी राहिली, स्पार्टिना अँग्लिका. मूळ अमेरिकी जात चीनने १९७९ मध्ये किनाऱ्याची धूप थांबवायला मुद्दाम आणली. आता तीच उपटावी लागतेय.

तलावात मीठ मात्र कृपया टाकू नका. जलपर्णी मरेल इतकं मीठ गोड्या पाण्यातल्या बाकीच्या जीवांनाही मारेल, आणि मे महिन्याच्या उन्हात पाणी उडून जाईल, मीठ तिथेच राहील. जलपर्णी काढून टाका आणि तलावात येणारं सांडपाणी अडवा. ती त्यातल्याच नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते.