आधी फोन परत द्या, मग करिअरचं बोलू

पत्र (थोडक्यात): आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मी महापेच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. मुलगी २३ वर्षांची, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. बी.एस्सी.ला ७४ टक्के होते. मध्यंतरी तिच्या सरांनी विद्यार्थ्यांना वाशीच्या एका परिषदेला नेलं. तिथल्या एका भाषणावर हिनं ५० सेकंदांचं रील करून टाकलं, पडद्यावरच्या स्लाइडच्या फोटोसकट. ४० हजार लोकांनी पाहिलं. तेव्हापासून म्हणते, मला विज्ञान सोपं करून सांगायचंच काम करायचंय. ज्यांचं भाषण होतं त्या मॅडम नाराज आहेत, असा सरांचा निरोप आला. नातेवाईक विचारतात, मुलगी रील करते का. दुसऱ्याचं भाषण कापून टाकायला काय अक्कल लागते? माझा पुतण्या जर्मनीत पीएच.डी. करतोय. महिनाभर हिचा फोन माझ्या कपाटात आहे. नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची की बँकेची परीक्षा, हे तुम्ही तिला समजावून सांगा.

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कपाटापाशी थांबले. मुलगी २३ वर्षांची आहे. मतदान करते, लोकल पकडून एकटी कॉलेजला जाते, प्रयोगशाळेत ॲसिड हाताळते. तिच्या सरांचे निरोप, प्रयोगांचे फोटो, परीक्षेच्या अर्जाचा ओटीपी हे सगळं त्या फोनवर येतं. प्रयोग लांबला आणि यायला रात्रीचे नऊ वाजले, तर ती तुम्हाला कळवणार कशी? एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातला एक पूर्ण महिना तिनं हे कसं निभावलं असेल, याचा विचार करून मला खरंच त्रास झाला.

दुसरी गोष्ट. एवढ्या पत्रात तिचं म्हणणं म्हणून एकच वाक्य आहे. नातेवाईक काय विचारतात ते आहे, पुतण्या काय करतो ते आहे, सर काय म्हणाले तेही आहे. पण ते रील तिनं का केलं, कुठल्या विषयावर होतं, पाहून लोकांनी काय प्रश्न विचारले, हे तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही ते रील पाहिलंय का? पाहिलं असतं तर दोन शब्द लिहिले असते, असं मला वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत हेच दिसतं. मुलं काय करतात त्यावर भांडण होतं, पण ते कुणी उघडून बघितलेलं नसतं. तिला समजावायला तुम्ही मला सांगताय, पण तिनं मला काही विचारलेलंच नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलते. फोन आज परत द्या. परत देताना अट घालू नका.

गुणांची काळजी करण्यासारखं काहीच नाही. सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, नेट लाइफ सायन्सेसमधून द्यावी, ती वर्षातून दोनदा होते. बँकेची परीक्षा तिनं स्वतः मागितली तरच. पुतण्याचं कौतुक जरूर करा, पण तिच्या ताटाशेजारी बसून नको.

आता तुमचा अकलेचा प्रश्न. हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. समजा, कुणी ठाणे खाडीच्या गाळातल्या शिशावर परिषदेत बोललं. बारा मिनिटं भाषण, तीन मिनिटं प्रश्न. त्यात आधी पूर्वीचं संशोधन, मग नमुने कसे घेतले, मग तक्ते, आणि निष्कर्ष शेवटच्या स्लाइडवर घाईघाईत. समोर त्याच विषयातली माणसं बसलेली असतात, म्हणून हा क्रम तिथे चालतो. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्यानं, आवाज बंद करून फोन बघणाऱ्या माणसासाठी तो चालत नाही. त्याच्यासाठी कापाकापी करून भागत नाही, सगळं पुन्हा मांडावं लागतं. सुरुवात अशी करता येईल: ‘ऐरोलीजवळ ओहोटीच्या वेळी तीन जण गुडघाभर चिखलात उतरले. कशासाठी?’ मग एकच निष्कर्ष, एकच आकृती, तीही नव्यानं काढलेली, कारण भाषणातल्या तक्त्याची अक्षरं फोनवर दिसतच नाहीत. खाली मोठ्या अक्षरात मराठी ओळी. आणि यातलं सगळ्यात अवघड वाक्य शेवटी येतं: ‘हे शिसं पक्ष्यांच्या अंगात गेलं का, ते अजून मोजलेलं नाही.’ हे वाक्य लिहायला विषय कळावा लागतो. ज्याला तो कळत नाही तो ‘फ्लेमिंगोंच्या जिवाला धोका!’ असं लिहून मोकळा होतो. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ही खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीतही गेली. लोकांचा जीव आहे त्या पक्ष्यांवर, त्यामुळे असलं वाक्य वाऱ्यासारखं पसरतं आणि मग कुणाला मागे घेता येत नाही. लागते ती अक्कल इथे.

विज्ञानाच्या जगानं हे कौशल्य कधीच हलकं मानलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली: पीएच.डी.चं सगळं काम तीन मिनिटांत, एका स्लाइडवर. आज ती देशोदेशीच्या विद्यापीठांत होते. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये ‘अवसर’ ही योजना आणली, त्यात पीएच.डी. करणाऱ्यांनी स्वतःचं संशोधन सामान्य वाचकासाठी लिहायचं होतं. टीआयएफआरचे, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, शास्त्रज्ञ २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ या कार्यक्रमात लोकांसमोर बसून बोलतात. मराठी विज्ञान परिषद तर १९६६ पासून हेच काम करतेय.

हे पोट भरायचं काम आहे का? निव्वळ फॉलोअरांच्या भरवशावर मी तिला सोडणार नाही, हे स्पष्ट सांगते. ते उत्पन्न आज असतं, उद्या नसतं. पण औषध कंपन्यांसाठी वैद्यकीय लेखन, डॉक्टरांच्या परिषदांचे वृत्तांत, संशोधन संस्थांचे जनसंपर्क विभाग, नियतकालिकांसाठी चित्ररूप सारांश, यांत पगारी नोकऱ्या आहेत. ठाणे-मुंबईत आहेत. त्यांना एम.एस्सी. लागते आणि हातचं काम दाखवावं लागतं. पुढे पीएच.डी. केली तर तीही इथे वाया जात नाही.

इथून पुढचं तुमच्या मुलीसाठी. हा भाग तिच्या हाती द्या.

तुझी बाजू घेतली म्हणून तुझं चुकलं नाही असं समजू नकोस. नातेवाईक काय म्हणतात ते सोडून दे, पण त्या मॅडमची नाराजी रास्त आहे. त्यांची स्लाइड, न छापलेली माहिती, आणि परवानगी विचारली नाहीस. परिषदेत जे दाखवतात ते बऱ्याचदा अर्धं काम असतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात परिषदांमधले तीन लाखांहून जास्त गोषवारे होते, आणि त्यांतले साधारण ३७ टक्केच पुढे पूर्ण शोधनिबंध म्हणून छापले गेले. बाकीच्यांत कुणाचे आकडे बदलले असतील, कुणाचं काम मध्येच थांबलं असेल. तू ४० हजार लोकांना जे पक्कं म्हणून सांगितलंस, ते मॅडमसाठी अजून कच्चं असू शकतं.

त्यांना आणखी दोन धास्ती असणार. पहिली छपाईची. १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी नियम केला, की आधी दुसरीकडे प्रसिद्ध झालेलं संशोधन आम्ही छापणार नाही. पुढे अनेक नियतकालिकांनी तो उचलला. परिषदेत बोललेलं चालतं, पण त्यापलीकडे काही बाहेर गेलं की संशोधकाच्या पोटात गोळा येतो. दुसरी पेटंटची. अर्ज करण्याआधी शोध जगासमोर आला तर तो नवा उरत नाही. आपल्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला वर्षभराची सवलत आहे, पण ती कुणा तिसऱ्याच्या रीलसाठी लिहिलेली नाही. म्हणूनच न छापलेल्या कामावर मोकळेपणी चर्चा होते त्या गॉर्डन संशोधन परिषदांमध्ये फोटो आणि रेकॉर्डिंगला सरसकट बंदी असते. पुढच्या परिषदेला जाशील तेव्हा आधी तिथले नियम वाच. पोस्टरवर किंवा स्लाइडच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण दिसली, तर फोन खिशात.

आता करायचं काय? ते रील अजून दिसत असेल तर आज काढ, आणि मॅडमना मेल लिही. ‘तुमच्या भाषणातली स्लाइड मी न विचारता वापरली, माझी चूक झाली. व्हिडिओ काढून टाकला आहे. तुमचा शोधनिबंध छापून आल्यावर तुम्हाला चालणार असेल तर मजकूर आधी दाखवून पुन्हा करेन.’ एवढंच. कारणं देऊ नकोस, व्ह्यूजचा आकडा लिहू नकोस. सरांनाही प्रत पाठव. उत्तर आलं नाही तरी मेल गेलेला असू दे.

पुढचे सहा महिने दुसऱ्यांच्या भाषणांना हात लावू नकोस. तुझ्या प्रकल्पाचं पोस्टर आहेच ना? त्यावर कर, सरांना विचारून. सुट्टीच्या दिवशी खाडी ओलांडून मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काही कार्यक्रम असेल तर जाऊन बस, मुलांना अवघड गोष्ट कशी सांगतात ते बघ. दर महिन्याला एक छापील शोधनिबंध घे, त्यावर ९० सेकंदांची मराठी संहिता लिही, तीन वेळा खोड. नेटचा अभ्यास याच्या जोडीनं होतो, कारण दोन्हीकडे तेच वाचायचं असतं.

आणि कॅमेरा सुरू करायच्या आधी प्रत्येक संहिता बाबांना वाचून दाखव. ते केमिकल कंपनीत शिफ्ट सांभाळतात, सांडपाणी आणि गाळ म्हणजे काय हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण ‘बायोॲक्युम्युलेशन’ (जिवाच्या अंगात विषारी पदार्थ साठत जाणं) म्हटलं तर कदाचित गप्प बसतील. जिथे त्यांच्या कपाळावर आठी पडेल तिथे पेन्सिलनं खूण कर, आणि ते वाक्य पुन्हा लिही.