टायपिंगमुळे मनगट दुखतं, बोटांना मुंग्या येतात. किती दिवस सुट्टी घेतली तर बरं होईल?

सुट्टीचे दिवस मोजू नका. मी मोजले होते, म्हणून लिहितेय.

तासगाव तालुक्यात आमची २ एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी येते. मान मागे टाकून, हात वर धरून घडातले जादा मणी बारक्या कात्रीनं कापायचे, सकाळपासून सांजेपर्यंत. तिसऱ्या हंगामात रात्री हात बधिर होऊन जाग यायला लागली. उठून झटकला की बरं वाटायचं. धाकटे भावजी म्हणाले, "वहिनी, वात असेल. आईनं एवढी वर्षं विरळणी केली, कधी कुरकुरली नाही." सासूबाईंना आज उजव्या हातानं शर्टाचं बटण लावता येत नाही. कुरकुरल्या नाहीत म्हणजे दुखलं नाही, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं.

आधी बी-१२ची इंजेक्शनं झाली. मग १५ दिवस विश्रांती. बरं वाटलं म्हणून बागेत गेले, तर तिसऱ्या रात्री तेच. शेवटी मिरज गाठली. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, करंगळीला मुंग्या येतात का? येत नव्हत्या. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अर्धी अनामिका यांची नस मनगटाच्या बोगद्यातून जाते, तीच दबली होती. करंगळीची वाट वेगळी. नसांच्या तपासणीत कार्पल टनेल निघालं.

पट्टा मिळाला तो रात्री लावायचा, मनगट सरळ ठेवणारा. झोपेत मनगट दुमडलं की नसेवरचा दाब वाढतो. ६ आठवडे एक रात्र चुकवली नाही.

तरी माझ्या मते खरा फरक कात्रीनं पडला. भावजींच्या छाटणीच्या कात्रीला रोज धार, आणि विरळणीच्या कात्र्या बोथट, कारण त्या बायकांच्या हातात. बोथट कात्रीला मण्यामागे जोर जास्त. भांडून नव्या, हलक्या स्प्रिंगच्या आणवल्या. आता अर्धा तास विरळणी झाली की दुसरं काम धरते. याला भावजी अजून चोचले म्हणतात. गेल्या वर्षी त्यांचा कोपर धरला तेव्हा छाटणीला दुसऱ्याच दिवशी मजूर लावले होते. तेव्हा वात कुणी काढला नाही.

तुम्हीही कीबोर्डची उंची आणि सलग बसणं आधी बदला, सुट्टी नंतर.

हो, शुगर आणि थायरॉईड तपासून घ्या, त्यानंही ही नस दबते. अंगठ्याखालची गादी बसलेली दिसली किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर पट्ट्यावर थांबू नका. आणि मुंग्या करंगळीलाच येत असतील तर दुखणं वेगळं आहे, माझं औषध तुम्हाला लागू नाही.