कमरेच्या नसेसाठी प्रेगाबॅलिन अन् ट्रॅमाडॉल चालू केल्यापासून गरगरतंय, गोळ्या बंद करू का?

मनानं एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन लावा. आमच्या आईला लातूरला याच दोन गोळ्या होत्या, पहिल्याच आठवड्यात पहाटं उठली अन् न्हाणीच्या उंबऱ्यापाशी भिंत धरून खालीच बसली, पाय तर इतके सुजले की जोडवी निघंनात. सूज अन् वजन वाढणं प्रेगाबॅलिननं होतं, मळमळ अन् पोट साफ न होणं ट्रॅमाडॉलनं, गुंगी दोन्हीनं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला तेव्हा कमी झालं. यासोबत दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नको, श्वास मंदावतो, जिवावर बेतू शकतं. माणूस हलवूनही उठंना तर लगेच दवाखाना गाठा. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मागू नका. अन् गरगरतंय तोवर गाडीला हात लावू नका.