फायबरची दुरुस्ती : हार्डनर मोजून घाला

फायबरचं, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या चिकट द्रवात घट्ट करून केलेलं (फायबरग्लास) मडगार्ड, बंपर, बॉनेट तडकलं की लोक आधी दुरुस्तीचं किट आणतात, कामाला लागतात आणि रेझिन निघून आलं किंवा डोळे चुरचुरू लागले की मग विचारतात. तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो.

बंपरला रेझिन आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) लावली, पण चार दिवसांत सालपटासारखी सुटून आली. रेझिन खराब होतं का?

रेझिन नव्हे, बंपरच फायबरग्लासचा नसावा. आजच्या गाड्यांचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन धरत नाही. आतली बाजू पाहा. काचेचे धागे दिसले तर फायबरग्लास. ‘पीपी’ अशी अक्षरं उठवलेली दिसली तर प्लास्टिक. ‘कशालाही चिकटतं’ असं डब्यावर छापलेलं किट घेऊ नका. प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला दाखवा.

भेगेवर नुसती पुट्टी भरून रंग मारला तर?

भेग परत येईल. पुट्टी पृष्ठभाग सपाट करते, ताकद देत नाही. ताकद मॅटच्या थरांतून येते. आधी मेण आणि तेलकटपणा पुसायचा, मग घासायचं. उलट केलं तर मेण खोल चोळलं जातं. भेगेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या सुमारे 12 पट उतार घासावा लागतो, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीच्या फायबरला साधारण 36 मिलिमीटर. पुट्टी चोपडून रंग मारून देणारी गॅरेजं आहेत. रंगाआधी मागून मॅट बसवलेली दाखवा, असं ठणकावून सांगा.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) जास्त घातला की काम लवकर उरकतं, असं मेकॅनिक म्हणतो. किती घालू?

पॉलिएस्टर रेझिनला साधारण वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकातला, मेकॅनिकच्या तोंडचा नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतण्याची सवय मला सर्वांत जास्त घाबरवते.

रेझिन वाळत नाही. रासायनिक क्रियेने घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. हार्डनर जास्त झाला तर थर ठिसूळ होतो, आकसतो, तडकतो. पातळ थरातली उष्णता निघून जाते, डब्यात उरलेल्या गोळ्यातली कोंडते. असा डबा धुमसून पेटू शकतो. उरलेलं रेझिन कचऱ्याच्या पेटीत टाकू नका. उघड्यावर, न पेटणाऱ्या जागी पूर्ण थंड होऊ द्या.

हा हार्डनर सेंद्रिय पेरॉक्साइड असतो. डोळ्यात उडालेला थेंब कायमची इजा करू शकतो, म्हणून बाटली उघडण्याआधीच बंद गॉगल चढवा. उडालाच तर पापण्या उघड्या धरून किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. शक्यतो कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिनच मागा. दोन्ही द्रव लेबलाविना सुट्या बाटल्यांत ओतून देणाऱ्या दुकानातून काहीच आणू नका. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये तर हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं. कमीजास्त करून वेग बदलत नाही, काम मात्र बिघडतं.

तोंडाला रुमाल बांधतो. पुरे ना?

अजिबात नाही. घासताना धुळीचा मास्क लागतो, रेझिन लावताना सेंद्रिय वाफा अडवणारं कोळशाचं कार्ट्रिज बसवलेला मास्क. धुळीच्या मास्कमधून स्टायरीनची (पॉलिएस्टर रेझिनमधल्या द्रवाची) वाफ सरळ आत येते, आणि ती पेटतेही. जवळपास ज्योत, हीटर, सिगारेट नको. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नाही, नाक सरावलेलं असतं. डोकं गरगरलं तर मोकळ्या हवेत या. बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठा. दमा असेल किंवा गरोदरपण असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

घासल्यावर अंग खाजतं.

न चोळता गार पाण्याने धुवा, ते कपडे वेगळे धुवा. पुरळ राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ॲसिटोनने हात धुऊ नका.

हेल्मेटचं फायबर तडकलंय. जोडता येईल?

नाही. नवीन घ्या.

बॉनेटच्या बिजागरीपाशी वर्षभर भेग आहे. वाढतेय, पण गाडी नीट चालते. थांबू का?

वर्षभर थांबलात, तेच फार झालं. हादऱ्यांनी भेग लांबते आणि पाणी धाग्यांपर्यंत मुरतं. भेगेभोवती नाण्याने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर थर आतून सुटलेले आहेत, डोळ्यांना दिसतात त्याहून लांबवर. बिजागरी, कुलूप, चॅसिसला जोडलेली जागा इथे घरगुती दुरुस्ती करू नका. चालत्या गाडीचं बॉनेट उघडलं तर समोरचा रस्ता दिसत नाही. फायबरग्लासचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.