सूज, शोथ आणि शून्य

वेंगुर्ल्याहून विचारणा आहे: चिकुनगुन्याला सहा महिने होऊन गेले, 'सूज उतारली, पण ठणको काय जायना', आणि डॉक्टर म्हणतात 'नसांना सूज आहे'. दिसत नाही तिला सूज म्हणावं का?

म्हणू नये. इन्फ्लमेशन दिसलं की 'सूज' लिहून मोकळं व्हायची खोड फार बळावली आहे. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकातच त्याची चार लक्षणं मोजली: लाली, सूज, गरमपणा, दुखणं. चारांतल्या एकीचं नाव सगळ्याला देणं म्हणजे आमटीला आमसूल म्हणणं. शब्द आहे 'दाह'. नस म्हणजे शीर की चेतातंतू, हे भांडण दुसऱ्या दिवशी.

सूज ही संस्कृत 'शोथ'ची (अर्थ तोच, सूज) लेक, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. त्यांनी प्राकृताकडे एकदा तरी बघावं. तिथं 'थ'चा 'ह' होतो (कथानिका, कहाणी). 'ज' कुठून आणणार? मूळ धातू श्वि, म्हणजे फुगणं. त्याचं रूप शूयते. 'दीयते'चं 'दिज्जइ' आणि जुन्या मराठीत 'दीजे' झालं, त्याच वाटेनं 'शूयते'तून 'सुजणे' आलं. शोथही त्याच धातूचा, म्हणजे सुजेची मावशी; आई नव्हे. आणि खरी गंमत पुढेच: त्याच श्विचं 'शून' म्हणजे सुजलेलं, आणि शूनवरून 'शून्य'! फुगलं ते आतून पोकळ. तांदळाची भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगते. फोडली की वाफ जाते आणि दोन पापुद्र्यांमध्ये काही उरत नाही. सूज आणि शून्य एकाच भाकरीत. ज्यांना हे ओढूनताणून आणलेलं वाटतं, त्यांनी चूल पेटवावी.

हां, ठणका. इजा झाली की प्रतिकारपेशी प्रॉस्टाग्लँडिन, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सोडतात आणि वेदना वाहणारे चेतातंतू हळवे होतात. तंतूही गप्प बसत नाहीत. टोकाशी सबस्टन्स पी सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, दाह वाढतो. हे लांबलं की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या राखणदार पेशी, चेततात आणि वेदना दाबून धरणारी यंत्रणा ढिली पडते. मग चादरीची कड घासली तरी कळ येते. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून खळगा राहिला, तर ती पाण्याची सूज. मायक्रोग्लिया कितीही चेतल्या तरी खळगा पडत नाही. मात्र चिकुनगुन्यानंतर सांध्यातला दाहही महिनोन्‌महिने राहू शकतो. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, गरम लागत असतील, तर आधी तिकडे बघायला सांगा.

मज्जारज्जूतल्या प्रकाराला माझ्या मते 'जागल', म्हणजे रात्रीची शेतराखण, शोभेल: डुक्कर केव्हाच रानात पळाला, शेतातला डबा वाजतोच आहे. पटत नसेल तर 'चेतादाह' म्हणा. 'मेंदूला सूज' मात्र मेंदू खरोखर फुगतो आणि जिवावर बेततं, त्या वेळेसाठी राखून ठेवा.